मांजर लंगडू लागले तर

रायपूरच्या पंडरी भागातील कापडाचा बाजार छत्तीसगडच्या बाहेरही पुष्कळांना ठाऊक आहे. लग्नसराईत तेथे गावोगावची माणसे साड्या आणि आहेराचे कापड घेण्यासाठी येतात. जेथे कापडाचे गठ्ठे आले तेथे उंदीर येणार, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हे काही निराळे सांगावयास नको. अशा बाजाराभोवतीच्या वस्तीतील मांजराचा दिनक्रमही ठरलेला असतो. रात्री गठ्ठ्यांमधून हिंडावयाचे, पहाटे गच्च्यांवरून घरी परतावयाचे आणि दिवसभर एखाद्या स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपावयाचे. छत्तीसगडी शेजारीण तिला ‘बिलई’ म्हणते. मराठी घरात तिची ‘मनी’ होते. मनी नेमकी कोणाची, याबद्दल एरवी दोन घरांत मतभेद असू शकतात. परंतु एके सकाळी ती एक पाय उचलून तीन पायांवर दारात आली, की ती आपलीच असते, आणि आता काय करावे हा प्रश्नही आपलाच असतो.

त्या सकाळी उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहो. पंडरीचे उदाहरण घेतले आहे खरे; पण आपण नाशिकला असा, बेळगावला असा की इंदूरला, मांजराचा पाय सर्वत्र सारखाच असतो.

पहिला अर्धा तास

अशा वेळी घरात जे घडते ते बहुधा ठरलेले असते. मुले धावत जाऊन मांजराला उचलतात. आजी आंबेहळद उगाळावयास बसतात. घरातील एखादे कर्ते माणूस औषधांच्या डब्यातून अंगदुखीची गोळी काढून तिचे चार तुकडे करते. सर्वांचा हेतू उत्तम असतो. तथापि या तिन्ही गोष्टी टाळावयाच्या आहेत, आणि तिसरी तर जिवावर बेतणारी आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर सांगू. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की, माणसाचे कोणतेही वेदनाशामक औषध मांजराला द्यावयाचे नाही. अर्धी गोळी नाही आणि चिमूटभर पूडही नाही.

प्रथम दारे-खिडक्या लावून घ्याव्या, म्हणजे मांजर बाहेर निसटणार नाही. दुखणाईत मांजर एकदा का गच्चीवरच्या अडगळीत जाऊन बसले, की दोन दोन दिवस हाती लागत नाही. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला शांतपणे बसावे आणि नुसते पाहावे. मांजराची जात दुखणे लपविणारी आहे. रानात जो प्राणी दुबळा दिसतो त्याच्यावर दुसरे प्राणी झडप घालतात, ही जुनी धास्ती तिच्या अंगात अजून आहे. आपण हात लावताच ती एक तर ओरबाडील किंवा निमूट ताठ होऊन बसेल. दोन्ही प्रकारांत आपणांस काही कळणार नाही. मोकळी सोडली तर तिची चालच पुष्कळ सांगते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताना डोके किंचित वर उचलले जाते, आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर ढुंगणाची एक बाजू वर झटकली जाते. पाय मुळीच टेकत नाही, की टेकून लगेच उचलते, की टेकते पण भार देत नाही, हे पाहून ठेवावे. दवाखान्यात, टेबलावर, मांजर पुष्कळदा चालावयाचेच नाकारते. तेथे आपण घरी पाहिलेलेच कामास येते. हल्ली घरोघरी मोबाईल असतो. अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र घेऊन ठेवले तर पशुवैद्याला त्याचा फार उपयोग होतो.

पाहत असतानाच काही लक्षणे दिसली, तर मात्र पुढचे वाचीत न बसता मांजराला टोपलीत घालून निघावे. पहिले असे: मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडून मांजर ते फरफटत नेते, आर्त स्वरात ओरडते, पंजे हाताला गार लागतात आणि तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात. घरातील माणसांना वाटते, पाठीवर काही पडले असावे. वास्तविक ही बहुधा हृदयाची व्यथा असते. हृदयात साखळलेल्या रक्ताची गुठळी मुख्य रक्तवाहिनीतून खाली येते आणि पायांकडे जाणाऱ्या फाट्यावर अडकते. आदल्या दिवसापर्यंत असे मांजर अगदी धडधाकट दिसत असते. येथे एकेक तास मोलाचा आहे. तसेच पाय वेडावाकडा लोंबत असेल, हाड वर आले असेल, रक्त थांबत नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा मांजर तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल, तरीही थांबू नये. वाहनाखाली सापडलेल्या किंवा उंचावरून पडलेल्या मांजराचा पाय आपणांस दिसतो. छातीतील व पोटातील दुखापत दिसत नाही. पुष्कळ वेळा पाय हीच त्यांतील सर्वांत किरकोळ गोष्ट असते. अपघातानंतर दिवसभरात मांजराने लघवी केली किंवा नाही, हे आवर्जून पाहावे ते याचसाठी. मूत्राशय फुटले असण्याची शक्यता असते.

यांपैकी काही नसेल, मांजर खात-पीत असेल आणि पाय थोडा तरी टेकत असेल, तर एक दिवस, फार तर दोन दिवस वाट पाहावयास हरकत नाही. तेवढ्यात मुरगळलेला पाय पुष्कळदा आपोआप सुधारतो. पण वाट पाहणे म्हणजे मांजराला मोकळे सोडणे नव्हे. लहानशा खोलीत, उड्या मारता येणार नाहीत अशा जागी, पाणी, अन्न आणि मातीचे घमेले जवळ ठेवून त्याला बसवावे. पाय मुळीच टेकत नसेल तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पाय पाहताना

मांजर शांत असेल तर पाय जवळून पाहता येतो. एकट्याने हे करू नये. एकाने जाड टॉवेलात मांजर गुंडाळून धरावे आणि दुसऱ्याने एकेक पाय बाहेर काढावा. आधी चांगला पाय पाहावा, म्हणजे दुखरा कोठे निराळा आहे ते कळते. सुरुवात बोटांपासून करावी. मांजराच्या पुढच्या पायांना पाच पाच आणि मागच्यांना चार चार, अशी अठरा नखे असतात. प्रत्येक नख, बोटांमधील बेचके आणि तळव्याची प्रत्येक गादी उजेडात पाहावी. कापडबाजाराशेजारच्या वस्तीत येथेच पुष्कळदा कारण सापडेल: शिवणाची तुटकी सुई, टाचणी, खोक्याची तार किंवा पायाभोवती घट्ट आवळलेला दोरा. दोरा फार फसवा असतो. दोन दिवसांत त्यावर सूज चढते, केसांत तो दिसेनासा होतो आणि पुढचा पंजा फुगून गार पडू लागतो. मुलांनी खेळताना पिलाच्या पायात घातलेले रबरही असाच घात करते. दोरा किंवा रबर स्पष्ट दिसत असेल तर बोथट टोकाच्या कात्रीने कापावे. मांसात रुतला असेल तर हात लावू नये. सुईही खोल गेली असेल तर ओढू नये. (प्रसंगोपात्त एक गोष्ट सांगून ठेवतो, जरी तिचा पायाशी संबंध नाही. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढावयाचा नाही. आत तो आतड्यांना गुंतलेला असतो आणि ओढल्यास आतडे कापले जाते.)

उन्हाळ्यात आणखी एक कारण असते. रायपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना दुपारची गच्ची किती तापते हे सांगावयास नको. पारा ४५ अंशांकडे गेला की सिमेंट आणि पत्रा दोन्ही भाजून काढतात. एकच नव्हे तर चारही पाय झटकीत चालणाऱ्या मांजराचे तळवे पोळले आहेत की काय, ते पाहावे. पोळलेल्या तळव्यावर गार पाण्याची धार धरावी. तूप, दंतमंजन, शाई यांपैकी काही लावू नये. पावसाळ्यात उघड्या जखमेत अळ्या पडावयास वेळ लागत नाही, तेव्हा त्या दिवसांत लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. पुढचा पंजा एकाएकी सुजला असेल तर गांधीलमाशी, विंचू किंवा साप यांपैकी कोणाला तरी मांजराने डिवचले असावे. सूज वाढत असेल किंवा मांजर झिंगल्यासारखे चालत असेल, तर तो दवाखान्याचा मामला समजावा.

परंतु बाहेर हिंडणाऱ्या मांजराच्या लंगडण्याचे नेहमीचे कारण सुईही नव्हे आणि साप तर नव्हेच. ते कारण म्हणजे दुसरे मांजर. बोक्यांच्या भांडणाचे आवाज आपण सर्वांनी रात्री ऐकले आहेत. मांजराचा सुळा बारीक आणि अणकुचीदार असतो. तो कातडीत घुसतो आणि निघतो, मागे टाचणीच्या टोकाएवढे भोक राहते आणि दिवसभरात तेही मिटते. वरून सर्व काही ठीक दिसते. आत मात्र तोंडातील जंतू राहिलेले असतात. त्यांतील एका जातीला लुई पाश्चरच्या नावावरून ‘पाश्चुरेला’ म्हणतात. दोन-चार दिवसांत तेथे गळू धरते. पाय जड होतो, हात लावू देत नाही, अंग तापते, खाणे सुटते. येथे एक खुलासा हवा. निरोगी मांजराचे अंगच १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट इतके उबदार असते. तेव्हा नुसते कोमट लागले म्हणून ताप समजू नये. मलूल होऊन अन्नावरून तोंड फिरविलेले मांजर मात्र तापलेले असण्याचा संभव आहे.

गळू घरी पिळू नये. पू कातडीखाली पसरतो आणि मांजर आपल्यावर कायमचा राग धरते ते निराळेच. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात एक सपाट चमचा मीठ विरघळवावे, त्यात स्वच्छ कापड भिजवून पिळून घ्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाच पाच मिनिटे शेकावे. गळू आपोआप फुटले तर त्याच पाण्याने पुसावे. पण जंतुनाशक औषधाची गरज बहुधा लागतेच, आणि कोणते व किती, हे पशुवैद्याने ठरवावयाचे असते. अशा चाव्यांतून आणखी एक रोग पसरतो. मांजरांची प्रतिकारशक्ती खचविणारा एक विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात प्रथम सापडला. तो प्रामुख्याने चाव्यातूनच एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाला तो होत नाही. बोक्याचे खच्चीकरण करून घेतले तर भांडणे, चावे आणि गळवे सर्वच पुष्कळ कमी होतात. याबाबत आपल्या घरांत संकोच का असावा, हे आम्हांला कधीच उमगलेले नाही. दर दोन महिन्यांनी पू काढून घेण्याइतका छळ तो खासच नाही.

बाजाराजवळ राहणाऱ्यांनी आणखी एका शक्यतेची आठवण ठेवावी. गोदामांत उंदरांसाठी विष ठेवतात. त्यांतील एका प्रकाराने रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. विषारी उंदीर खाल्लेले मांजर तीन-चार दिवस ठीक असते आणि मग एखाद्या सांध्यात रक्त उतरून लंगडू लागते. सोबत हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, अशक्तपणा दिसला तर पशुवैद्याला विषाची शंका मुद्दाम बोलून दाखवावी. त्यावर ‘क’ नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, आणि तो वेळेवर मिळाला तर मांजर वाचते.

औषधांचा डबा

आता त्या गोळीविषयी. तापावर आणि अंगदुखीवर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी साधारण चार किलो वजनाच्या मांजराचा जीव घेण्यास एकच पुरेशी ठरू शकते, आणि तिच्या पाव भागानेही विषबाधा होऊ शकते. वाचकांना हे अतिशयोक्त वाटेल. आपली लहान मुले हेच औषध पाजल्याने बरी होतात, मग मांजरालाच काय होते?

कारण यकृतात आहे. आपले यकृत पॅरासिटामॉलला एका साखरेसारख्या पदार्थाची जोड देते आणि मग ते निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जाते. मांजर पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांसावर जगले. वनस्पतींतील नाना प्रकारची रसायने पचवून टाकण्याची गरज त्याला पडली नाही, आणि या जोडकामासाठी लागणारे विकर त्याच्याजवळ जवळजवळ नाहीच. साहजिकच औषध अंगात तुंबते, त्याचे विष बनते आणि ते रक्तावर हल्ला करते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. काही तासांत हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कोणी अजाणता गोळी दिली असेल तर लक्षणांची वाट न पाहता तात्काळ दवाखाना गाठावा आणि काय, किती, केव्हा दिले हे लाज न बाळगता सांगावे. उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

आयब्युप्रोफेनने मांजराच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ॲस्पिरिन त्याच्या शरीरातून उतरावयास दिवसच्या दिवस लागतात. डायक्लोफेनॅकचे तर आपल्या देशात एक दुःखद प्रकरणच आहे. गुरांना दिलेले हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊ लागले आणि अवघ्या काही वर्षांत आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचा याहून मोठा दाखला शोधून सापडणार नाही.

मग मांजराची वेदना कमी करावयाचीच नाही काय? अवश्य करावयाची. मांजरांना चालतील अशी औषधे आहेत. पण ती वजन पाहून, मूत्रपिंडांचा विचार करून, थेंबांच्या हिशेबाने द्यावी लागतात, आणि तो हिशेब पशुवैद्याचा आहे. पूर्वी दिलेल्या औषधाची उरलेली बाटली शेजारच्या मांजरासाठी नेणेही तितकेच चूक.

आजींच्या लेपाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. रायपुरात मराठी घरे भोसल्यांच्या अमलापासून आहेत, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. तेव्हा बटवाही तोच. मुरगळल्यावर आंबेहळद, तुरटी, गरम हळद-चुना. माणसाच्या घोट्याला त्याने बरे वाटते, याविषयी आम्ही वाद घालणार नाही. पण माणूस आपला घोटा चाटीत नाही. मांजराच्या अंगाला जे जे लावावे ते ते तासाभरात त्याच्या पोटात जाते. चुन्याने जीभ आणि घसा भाजतो. दुखऱ्या सांध्यावर चोळावयाच्या मलमांत कापूर, पुदिन्याचा अर्क आणि ॲस्पिरिनच्याच कुळातील एक तेल असते. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक द्रावण आपण जखमांना निःशंकपणे लावतो. त्यातील फिनॉलच्या जातीची रसायने मांजराला मानवत नाहीत. जखमेला मिठाचे कोमट पाणी पुरे. पट्टीही घरी आवळून बांधू नये, कारण घट्ट पट्टीने जेवढे पाय गमावले गेले असतील तेवढे जखमेने गमावले नसतील.

पडलेले, म्हातारे आणि लहान

मांजर कसेही पडले तरी पायांवर उतरते, अशी आपली समजूत आहे, आणि ती बव्हंशी खरी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८९४ साली एकामागून एक छायाचित्रे घेऊन ते हवेत अंग कसे फिरविते हे दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे ९० टक्के वाचली होती. हा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे पाहावे की, त्यात दवाखान्यापर्यंत पोहोचलेलीच मांजरे मोजली आहेत. शिवाय वाचणे म्हणजे धड राहणे नव्हे. छाती, जबडा, टाळू आणि पाय या सर्वांना मार बसलेला असतो. रायपुरातही आता कौलारू घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती उठत आहेत. सज्जाला जाळी बसविणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

म्हातारे मांजर फारसे लंगडत नाही, आणि म्हणूनच त्याचे दुखणे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत २००२ साली १०० वृद्ध मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली तेव्हा बारा वर्षांवरील ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज आढळली. असे मांजर खिडकीत एका उडीत जात असे, ते आता आधी खुर्चीवर चढते. पाठ चाटावयाचे सोडते. घमेल्याच्या बाहेरच घाण करते आणि बोलणी खाते. त्याला रागावू नये. खिडकीखाली एक पाट किंवा स्टूल ठेवावे, घमेल्याच्या एका बाजूचा काठ कमी करावा, निजावयास उबदार जागा द्यावी. त्याची नखेही पाहावी. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, अंगठ्यासारखे नख जमिनीला घासत नाही. म्हातारपणी ते गोल वाढून गादीत रुतते आणि सारे घर संधिवात समजून बसते.

पिलांचे कारण बहुधा ताटात असते. दूधभात किंवा दूधपोळीवर वाढविलेले पिलू गोजिरवाणे दिसते, पण त्याला लागणारे मांसातील घटक त्यात नसतात. उलट नुसते बिनहाडाचे मांस दिले तर चुन्याचा अंश कमी पडतो आणि शरीर तो हाडांतून ओढून घेते. अशा पिलाचे हाड लहानशा उडीनेही पिचते. आज एक पाय, उद्या दुसरा पाय, सोबत ताप आणि तोंडात व्रण, असे असेल तर तो एका विषाणूचा प्रताप असू शकतो. काही दिवसांत ओसरतो, पण दाखवून आणावे. लस टोचल्यावर एक-दोन दिवस पाय धरणे मात्र काळजीचे नाही.

दवाखान्याकडे

मांजराला कडेवर घेऊन रिक्षात बसणे हा वेडेपणा आहे. झाकणाची वेताची टोपली, भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, काहीच नसेल तर दोन उश्यांचे अभ्रे एकात एक घालून केलेली पिशवी चालेल. खाली घडी केलेली चादर घालावी, वर कापड टाकावे. अंधारात मांजर शांत राहते. हाड मोडल्याची शंका असेल तर काठ्या बांधण्याचा खटाटोप न करता सपाट तळाच्या खोक्यात चादरीसकट उचलून ठेवावे. बेशुद्ध करून पाय बसवावा लागण्याचा संभव असतो, म्हणून निघण्यापूर्वी खावयास घालू नये.

आपल्याकडील सरकारी पशुचिकित्सालये मुख्यतः गाईगुरांसाठी उभी राहिली, हे खरे. परंतु तेथील डॉक्टर मांजराला परत पाठवीत नाहीत. रायपूरकरांना जवळच दुर्गनजीक अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. विदर्भातील वाचकांना नागपूरचे १९५८ सालचे महाविद्यालय, आणि मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. बैलघोड्याचा दवाखाना म्हणून १८८३ पासून नावाजलेले हे ठिकाण मांजरांनाही तितकेच मोकळे आहे. निरनिराळ्या राज्यांत १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करता येते. तेथे गेल्यावर लंगडणे केव्हा सुरू झाले, मांजर रात्री बाहेर होते काय, शेवटचे केव्हा खाल्ले, लघवी केव्हा झाली आणि घरी काय काय दिले, एवढे नेमके सांगावे.

या सर्व धांदलीत मांजर कोणाला तरी चावण्याचा संभव असतो, आणि तेथे माणसाची काळजी आधी. पिसाळ रोग मांजरांनाही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. चावा किंवा रक्त आलेले ओरखडे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पंडरीच्या रहिवाशांना यासाठी लांब जावयास नको; जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे. चावा लहान दिसतो म्हणून घरी बसू नये. गळू धरते ते मांजराच्या अंगात तसेच माणसाच्या बोटातही.

हाड बसवून किंवा गळू साफ करून मांजर घरी आले, की खरी कसोटी घरच्यांची सुरू होते. त्याला चौथ्या दिवशीच बरे वाटू लागते आणि हाडाला मात्र पाच-सहा आठवडे हवे असतात. तेवढे दिवस मोठा पिंजरा किंवा पाळण्याएवढी बंदिस्त जागा, आणि उड्या बंद. मुलांना या काळात पहारेकऱ्याचे काम द्यावे, ती ते आनंदाने करतात. पट्टीखालून दिसणारी बोटे सकाळ-संध्याकाळ पाहावी. ती सुजली, गार पडली किंवा पट्टीला दुर्गंधी येऊ लागली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता पट्टी सोडवून घ्यावी. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात घातलेले शंकूसारखे आवरण केविलवाणे दिसले तरी काढू नये. आणि क्वचित पाय वाचविता आला नाही, तर ते ऐकून घरातील माणसे रडतात. मांजर काही आठवड्यांत तीन पायांवर जिना चढते, खिडकीत जाऊन बसते आणि पूर्वीइतक्याच तोऱ्याने दूध मागते.